सगळं दातांवर ढकलू नका



दिवाळी झाली होती आणि कापसाची वेचणी जोरात होती. वस्तीतल्या एका घरी आम्ही दुसऱ्याच कामाने गेलो होतो. दारात आजी बसलेली, मांडीवर आठ महिन्यांचा नातू. त्याची आई पहाटेच भाकरी बांधून वेचायला गेलेली. लेकरू मलूल होते, कण्हल्यासारखे रडत होते. आम्ही विचारले तर आजी म्हणाली, "काही नाही हो बाई, दात येऊन रायले त्याले. दोन दिवसांपासून हगवण लागली. दात फुटले का आपोआप बंद होते."

आम्ही वाकून पाहिले. खालच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढे पांढरे टोक खरोखरच दिसत होते. आम्ही हसलो, "हो, दातच आहे," म्हणालो, चहा घेतला आणि परत आलो. या पानावर दर अंकात आरोग्याच्या चार गोष्टी लिहिणारे आम्ही! दुसऱ्या दिवशी रात्री त्या लेकराला घेऊन बाप यवतमाळला धावला. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, सकाळपासून लघवी नाही. सलाईन लागले, चार दिवस ठेवले. लेकरू वाचले. पण आम्ही त्या दारात उभे असताना ते वाळत चालले होते आणि आम्ही दात पाहून समाधानी झालो, ही गोष्ट मनातून जात नाही. म्हणून या वेळचे पान दातांवर.

दात येत होता हे खोटे नव्हते. हगवण लागली होती हेही खोटे नव्हते. खोटे होते ते एवढेच की एकामुळे दुसरे झाले. आमचे स्पष्ट मत असे आहे की दात आल्यामुळे लेकराला हगवण लागत नाही, दात आल्यामुळे सणसणीत ताप येत नाही, दात आल्यामुळे उलट्या होत नाहीत आणि झटके तर मुळीच येत नाहीत. यांतले काहीही दिसले तर दात आहे की नाही हे पाहत बसू नये, दुसरे कारण शोधावे.

मग आपल्या आज्या, पणज्या सगळ्या चूक होत्या का? त्यांचे पाहणे चूक नव्हते. दात आणि हगवण एकाच वेळी येतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यामागचे कारण मात्र निराळे आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

पहिला दात बहुतेक लेकरांना सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान येतो. आता याच काळात लेकराच्या आयुष्यात आणखी काय काय घडते ते बघा. आईच्या पोटात असताना रोगाशी लढायची जी शिदोरी आईकडून मिळालेली असते, ती याच सुमारास संपत येते आणि लेकराची स्वतःची ताकद अजून पुरती तयार झालेली नसते. सहा महिने पूर्ण झाले की वरचे खाणे सुरू होते, म्हणजे वाटी, चमचा, पाणी, हात, माशा हे सगळे त्याच्या पोटाशी पहिल्यांदा जोडले जाते. लेकरू बसायला लागते, रांगायला लागते. अंगणातली माती, कोंबडीची विष्ठा, चपलेचा पट्टा, जे हाती येईल ते थेट तोंडात. आणि हिरडी शिवशिवते म्हणून तर तोंडात घालण्याचा सपाटा आणखी वाढतो. वेचणीच्या, सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत आई दिवसभर वावरात, म्हणजे अंगावरचे दूध कमी आणि सकाळी उकळून ठेवलेले बाटलीतले दूध दुपारपर्यंत. एवढे सगळे जुळून आल्यावर हगवण लागली नाही तरच नवल. दात बिचारा त्या गर्दीत सापडतो आणि आळ त्याच्यावर येतो.

त्यात आपल्या वस्त्यांचे पाणी. २०१८ चा उन्हाळा यवतमाळकर विसरलेले नाहीत. निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणे आटली आणि सारे शहर टँकरच्या मागे लागले. ज्यांच्या घरी मोठी टाकी होती त्यांनी टाकी भरली, आपण ड्रम भरले आणि तेच पाणी दिवस दिवस पुरवले. ड्रममध्ये घागर बुडते, घागरीत गडू बुडतो, गडवात हात बुडतो. नळ वस्तीत आला तरी नालीतून जाणारी फुटकी पाइपलाइन हा आपल्याकडे नवा प्रकार नाही. ज्या वस्तीत स्वच्छ पाणी पोचवलेले नाही तिथे हगवणीला "दात" म्हणणे हे नगरपालिकेला आणि ग्रामपंचायतीला फार सोयीचे पडते. आपणच त्यांना मोकळे सोडतो.

आता दात येण्याची खरी लक्षणे. लाळ फार गळते, गळ्याखालचा कपडा सतत ओला राहतो, त्या ओलीने हनुवटीवर, गालावर बारीक लाल पुरळ येते. लेकरू हिरडी चोळते, बोटे चावते, अंगावर पिताना आईलाही चावते. कान ओढते. हिरडी जराशी सुजलेली, लालसर दिसते, कधी तिथे निळसर फुगवटा येतो, तो आपोआप जातो. रात्री एखाद वेळा उठते, किरकिर करते, घट्ट खायला दिले तर तोंड फिरवते. अंग किंचित कोमट लागते. हे सगळे दात वर येण्याच्या आधीचे चार-पाच दिवस आणि नंतरचे दोन-तीन दिवस, बस. महिना महिना चालणारे दुखणे दातांचे नसते. आणि दात येणारे लेकरू किरकिर करीत असले तरी मधूनमधून खेळते, हसते, अंगावरचे दूध पिते, लघवी नेहमीसारखी करते. ही खूण सगळ्यात मोठी.

हे आम्ही मनाचे सांगत नाही. अमेरिकेत क्लीव्हलँडला १२५ बाळांच्या आईबापांनी रोजच्या रोज ताप, संडास, झोप, लाळ यांची नोंद ठेवली आणि त्यावरचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. लाळ, चावणे, हिरडी चोळणे, चिडचिड, किंचित वाढलेली अंगाची ऊब हे दातांबरोबर आढळले. पातळ संडास, उलटी, खोकला, १०२ अंशांवरचा ताप हे नाही आढळले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरातला एक छोटा अभ्यास छापून आला, तो आम्हाला जास्त आवडतो. पाळणाघरातल्या २१ लेकरांना रोज तपासले. नोंदींमध्ये दात येण्याचे दिवस आणि न येण्याचे दिवस यांत फारसा फरक निघाला नाही. पण शेवटी आईबापांना विचारले तेव्हा एकूणएक सगळ्यांनी सांगितले की आमच्या लेकराला दातांनी फार त्रास झाला! म्हणजे शिकलेल्या, शहरातल्या, गोऱ्या आईबापांचीही हीच गत. आपल्या आजीला अडाणी म्हणायचे काही कारण नाही.

उलट साहेबांच्या देशाने या बाबतीत आपल्यापेक्षा जास्त लेकरे गमावली असतील. १८४० च्या सुमारास लंडनच्या मृत्यूच्या नोंदवहीत तान्ह्या बाळांच्या नावापुढे मरणाचे कारण म्हणून सरळ "दात येणे" असे लिहिले जाई. डॉक्टर मंडळी हिरडीला सुरीने चिरा देत. पुढे दातांसाठी पूड विकली जाऊ लागली, तिच्यात पाऱ्याचे औषध असे. त्या पुडीने लेकरांचे हातपाय लाल-गुलाबी होत, कातडी निघे, काही दगावत. तो आजार त्या पुडीचाच हे कळायला कित्येक वर्षे गेली आणि ब्रिटनमध्ये १९५४ साली पुडीतून पारा काढला तेव्हा कुठे तो आजार हटला. दाताचे औषध लेकराला मारत होते आणि लोक म्हणत होते, दात जड जात आहेत.

आपल्याकडच्या उपायांकडेही आता याच नजरेने पाहायला हवे. टाकणखाराची लाही करून मधात कालवून हिरडीला लावतात. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. मध आणि बोरॅक्स चुपणीला लावून चोखायला दिल्याने तान्ह्या बाळांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. मधसुद्धा वर्षाच्या आत नकोच, त्यातून एक दुर्मिळ पण फार वाईट विषबाधा होऊ शकते. डिकेमाली, घुटीतली उगाळलेली मुळ्या-फळे यांचे प्रमाण कोणी मोजत नाही आणि सहाण धुतलेली असते की नाही देव जाणे (देव आम्ही मानत नाही, बोलायची रीत म्हणून लिहिले). मेडिकलमध्ये मिळणारी हिरडी बधिर करायची जेल दोन वर्षांच्या आतल्या लेकराला लावू नये, तिच्यातल्या बेंझोकेन या औषधाने रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद एकाएकी कमी होऊ शकते. २१ नंबरच्या गोड गोळ्या घरोघरी आहेत. त्यांनी दात लवकर येतो याला काही आधार नाही. लेकरू रडते आणि गोड चोखायला मिळाले की गप्प होते, एवढेच. खरे नुकसान असे की गोळ्या सुरू आहेत म्हणून घरचे निवांत राहतात.

आणि एक सांगतो, राग मानू नका. खर्रा घोटलेल्या हाताने लेकराची हिरडी चोळणारे बाप, आजोबा आणि मामा आम्ही पाहिले आहेत. तंबाखू आणि चुना लेकराच्या तोंडात जातो, बाप्पा!

हिरडी शिवशिवत असेल तर साबणाने हात धुऊन, नख कापलेल्या बोटाने हलके चोळा. स्वच्छ धुतलेले सुती फडके उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून, पिळून चावायला द्या. माठाच्या ओलीला ठेवून ते गार केले तर लेकराला आणखी बरे वाटते. हनुवटी वरचेवर टिपून कोरडी ठेवा. बस, दाताला यापेक्षा जास्त औषध लागत नाही.

दातांविषयीचा आणखी एक समज घरोघरी आहे. वरचे दात आधी आले की मामावर भार. मग मामाने काही वस्तू द्यायची, उतारा करायचा, नाही तर त्याचे वाईट होते म्हणे. विहारात दर पौर्णिमेला बसणाऱ्या घरांतही हे ऐकले की हसावे की रडावे कळत नाही. बहुतेकांना खालचे दोन दात आधी येतात, काहींना वरचे येतात, तेवढाच अर्थ. क्वचित एखादे लेकरू दात घेऊनच जन्मते, त्यातही अशुभ काही नाही. फक्त तो दात हलत असेल किंवा दूध पिताना अडचण होत असेल तर दवाखान्यात दाखवावे. वर्षाचे होईपर्यंत एकही दात आला नाही तरी घाबरायचे कारण नाही. दीड वर्षानंतरही नसेल तर डॉक्टरांना विचारावे. गळ्यातला गंडा मात्र काढा, लेकरू तो तोंडात घालून चोखते आणि महिनोन् महिने न धुतलेला तो दोरा पोटात घाण पोचवतो.

आता हगवणीविषयी. बाबासाहेब आणि रमाईंनी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे गमावली, हे आपल्याला पाठ आहे. राजरत्न १९२६ साली गेला. तेव्हा गरिबाच्या घरी लेकराच्या दुखण्यावर फारसा इलाज नव्हता. आज हगवणीवर आहे आणि तो आशाताईच्या पिशवीत फुकट आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधल्या बनगाव येथे पटकीची साथ पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचे पाणी पिंपांत कालवून आजाऱ्यांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले, पाजत राहा म्हणाले. मरणारे वाचले. तेच हे ओआरएस.

एक मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकाच वेळी पूर्ण टाकायचे. अर्धे आज अर्धे उद्या असे नाही. चोवीस तासांनी उरलेले फेकून द्यायचे. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला प्रत्येक पातळ संडासनंतर पाव ते अर्धा कप, बाटलीने नाही, वाटी-चमच्याने, एकेक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश. सोबत झिंकची गोळी. सहा महिन्यांवरच्या लेकराला २० मिलिग्रॅमची एक, दोन ते सहा महिन्यांच्या लेकराला अर्धी, चमच्यात आईचे दूध किंवा स्वच्छ पाणी घेऊन विरघळवायची आणि रोज एक याप्रमाणे पुरे १४ दिवस. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हगवण थांबते आणि गोळ्या ताकावर पडतात, हे आम्ही फार पाहिले. थांबली तरी १४ दिवस द्यायच्या, पुढच्या काही महिन्यांची हगवण त्याने टळते. अंगावरचे दूध बंद करायचे नाही. "पोटाले आराम" म्हणून खाणे तोडायचे नाही, मऊ खिचडी, वरणभात, केळे चालू ठेवायचे. संडास एकदम बंद करणारे औषध मेडिकलमधून मागून आणायचे नाही.

मेडिकलमध्ये ओआरएस मागितले की कधी कधी सरबताचा गोड डबा हातात ठेवतात. त्यात साखर भरपूर, त्याने हगवण वाढते. एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी अनेक वर्षे भांडल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हे नाव लिहायला मनाई केली. तरी पाकीट पाहूनच घ्या, आणि मुळात आशाताईकडून घ्या.

आणि थांबायचे कुठवर? पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती हळूहळू खाली गेली, डोळे खोल गेले, टाळू बसली, लेकरू पेंगते आहे, पीत नाही किंवा आधाशासारखे पिते आहे, सहा तासांत लघवी नाही, संडासमध्ये रक्त आहे, सारखी उलटी होते, यांतले एक जरी दिसले तरी त्याच क्षणी निघा. ताप १०० अंशांच्या वर जाऊन दुसऱ्या दिवशीही उतरला नाही, झटका आला, किंवा श्वास भराभर चालला आहे, म्हणजे वर्षाच्या आतल्या बाळाचा मिनिटाला ५० किंवा जास्त, तर तेव्हाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नका. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी फुकट आहे, १०२ नंबर त्यासाठीच आहे. ती लागली नाही तर १०८.

इथवर जे लिहिले ते कोणत्याही समाजाच्या घराला लागू आहे. यापुढचे मात्र खास आपल्या घरांसाठी, आणि दातांच्या नावाखाली सगळ्यात जास्त लपते ते हेच. सिकलसेल.

१९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी विदर्भातल्या रक्ततपासणीवर 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात लिहिले तेव्हापासून हे माहीत आहे की आपल्या समाजात हा रक्ताचा दोष बऱ्याच घरांत आहे. आदिवासी बांधवांत आहे, तेली, कुणबी घरांतही आहे. हा कोणाच्या जातीचा कलंक नव्हे. मलेरियाच्या मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांच्या रक्तात तो टिकून राहिला, कारण ज्यांच्यात तो अर्धा असतो त्यांना मलेरिया सहजासहजी मारू शकत नव्हता. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते की लेकरू पूर्ण सिकलसेलचे असेल. म्हणजे दोष दोघांकडून येतो. "सुनेच्या माहेरून आलं" हे वाक्य आपल्या घरांत अजून बोलले जाते, ते आधी बंद व्हावे.

आता दाताशी याचा संबंध. जन्मलेल्या बाळाच्या रक्तात पोटातले, बाळपणीचे हिमोग्लोबिन भरपूर असते, ते त्याचे रक्षण करते. सहाव्या महिन्याच्या आसपास ते ओसरते आणि सिकलसेलचा त्रास दिसू लागतो. म्हणजे नेमका पहिल्या दाताच्या वेळी! पहिली खूण पुष्कळदा हीच असते की एके सकाळी लेकराच्या हाताचे किंवा पायाचे पंजे फुगलेले, बोटे सुजून जाड झालेली, हात लावला की किंचाळते, अंगात ताप. घरचे म्हणतात, दात येऊन रायले म्हणून अंग धरलं. कोणी म्हणते, झोपेत हात मुडपला. मालिश करतात, ओढतात. चार-सहा दिवसांनी सूज उतरते आणि तोवर दातही दिसतो. झाले, निदान पक्के!

दाताने हातापायाचे पंजे सुजत नाहीत. कधीच नाही. ही एक ओळ लक्षात राहिली तरी आमचे पान सार्थकी लागले. लेकरू दिवसेंदिवस पांढरेफटक पडते आहे, डोळे पिवळे दिसतात, पोटाची डावी बाजू भरून टणक लागते, वरचेवर ताप येतो, अशा वेळीही सिकलसेलचा विचार करा. एकाएकी लेकरू पांढरे पडून पोट फुगले तर ती तासांची गोष्ट असते, पानथरीत रक्त साठते आणि लेकरू हातचे जाते. तेव्हा तालुक्याला थांबून वेळ घालवू नका, रक्त चढवायची सोय जिथे आहे तिथे न्या.

आमची सूचना साधी आहे. पहिला दात दिसला की सिकलसेलची तपासणी करून घ्यायची. काजळाची तीट आपण विसरत नाही, मामाला निरोप धाडायला विसरत नाही, तसेच हे. सहा महिन्यांच्या आत साध्या चाचणीचा भरवसा नसतो, म्हणून दाताची वेळ योग्य आहे. बोटाला टोचून होणारी ती पहिली चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते. तीत दोष निघाला तर वाहक की रुग्ण हे तिच्यावरून कळत नाही, त्यासाठी दुसरी चाचणी होते, तिचा रिपोर्ट येईपर्यंत पिच्छा सोडू नका. आईबाप दोघांचे जुने रिपोर्ट निर्दोष असतील तर लेकराची घाई नाही. पण घरात विचारून पाहा, किती जणांना आपला रिपोर्ट माहीत आहे? केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले, २०४७ पर्यंत आजार संपवू म्हणतात. सरकारचा २०४७ आपल्या लेकराच्या कामाचा नाही. वेळेवर कळले तर पेनिसिलीन, न्यूमोनियाची लस आणि योग्य वयात हायड्रॉक्सियुरिया यांच्या आधाराने सिकलसेलचे लेकरू शाळेत जाते, मोठे होते. न कळले तर पहिल्या पाच वर्षांतच त्याला सगळ्यात जास्त धोका असतो.

सरकारी दवाखान्याची भीती आम्हाला कळते. ३१ जानेवारी २०२१ रोजी आपल्याच जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी येथे पोलिओच्या थेंबांऐवजी बारा लेकरांच्या तोंडात हँड सॅनिटायझर गेले होते. लेकरे बचावली, पण भरवसा उडाला तो उडालाच. त्यावर उपाय दवाखाना सोडणे हा नाही, विचारणे हा आहे. ही कोणती बाटली? हे औषध कशाचे? किती दिवस? शिकलेल्या सुना-मुलींनी हे विचारावे आणि कोणी खेकसले तर पुन्हा विचारावे. आणि दवाखान्यातल्या मंडळींनाही आमचे सांगणे आहे. "दात येत असतील, घेऊन जा," हे वाक्य आम्ही वस्तीत कमी आणि तुमच्या ओसरीवर जास्त ऐकले आहे. लेकराच्या पोटाची कातडी ओढून पाहायला आणि हाताचे पंजे पाहायला किती वेळ लागतो?

त्या आजीकडे आम्ही मागच्या पंधरवड्यात पुन्हा गेलो होतो. माफी मागायचीच होती. तिने आधी लेकराचे तोंड उघडून दाखवले. खालचे दोन, वरचा एक, आणि दुसरा निघू घातलेला. मग खुंटीवरच्या पिशवीतून तिने ओआरएसची दोन पाकिटे काढली आणि म्हणाली, "आता हे घरात ठेवूनच रायतो." सिकलसेलची तपासणी अजून झालेली नव्हती. बापाची मजुरी बुडते म्हणून राहून गेले होते. सोमवारी आमच्यातली एक जण सोबत जाणार आहे.